अनुभव सांगा: थंडीतल्या गोष्टी आणि शेवटी आलेलं अस्वल

युक्रेनमध्ये सांगितली जाणारी एक लोककथा आहे. कडाक्याच्या थंडीत एक म्हातारा कुत्र्याला घेऊन जंगलातून चाललेला असतो. त्याचा एक हातमोजा बर्फात पडतो. त्यात आधी उंदीर शिरतो, मग बेडूक, ससा, कोल्हा, लांडगा, रानडुक्कर आणि अगदी शेवटी अस्वल. येणारा प्रत्येक जण विचारतो, "आत कोण आहे?" आतले आपापली नावं सांगतात आणि सरकून जागा करतात. मोजा उसवायला येतो, तरी कुणी कुणाला बाहेर काढत नाही. मग म्हातारा मोजा शोधत परततो, कुत्रा भुंकतो आणि सगळे पळतात.

माझ्या लेकीला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती चार वर्षांची होती. दाटीवाटी ऐकून ती खुदखुदेल असं मला वाटलं होतं. ती हसलीच नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अस्वलाला भीती नाही वाटली का विचारायला?" त्या दिवशी खेळताना तिला कुणीतरी 'आता जागा नाही' असं सांगितलं होतं, हे मला रात्री कळलं. तेव्हापासून अस्वल आलं की मी सावकाश सांगते.

तुम्ही मुलांना सांगितलेल्या किंवा लहानपणी ऐकलेल्या अशा गोष्टींचे अनुभव लिहा. तात्पर्य नको. मुलं काय म्हणाली, काय केलं, ते सांगा.

*

मी बालवर्गाला शिकवते. हीच गोष्ट आम्ही एका मोठ्या चादरीचा मोजा करून खेळलो होतो. वर्गात एक मुलगा वर्षाच्या मध्यावर आला होता. घरची भाषा वेगळी, त्यामुळे तो फारसा बोलायचा नाही. मी त्याला कुत्रा केलं. नुसतं भुंकायचं, वाक्य पाठ करायला नको, असा माझा विचार. तो छान भुंकला. सगळी मुलं किंचाळत पळाली आणि तो रिकाम्या चादरीपाशी एकटा उभा राहिला. त्याचा चेहरा पाहिल्यावर मी काय करून बसले ते माझ्या लक्षात आलं. संपूर्ण गोष्टीत जो एकटाच आत जात नाही, नेमकं तेच काम मी त्याला दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चादर काढली. कुत्रा मी झाले. त्याला म्हटलं, तुला हवं ते हो. तो काही न बोलता रांगत सरळ चादरीखाली गेला. मागून येणाऱ्या मुलीने विचारलं, "आत कोण आहे?" उंदीर, ससा अशी उत्तरं आली आणि मग त्याने स्वतःचं नाव सांगितलं. प्राण्याचं नाही, स्वतःचं. "बरं, सरक मग," असं म्हणून ती आत शिरली. पुढे कितीतरी दिवस आमच्या वर्गात त्या मोज्यात सहा प्राणी आणि एक मुलगा राहायचे.

*

आमच्याकडे गाडी बेडकावर अडली. "बेडूक थंडीत झोपलेला असतो, तो फिरेल कसा?" मुलाचं म्हणणं खरंच होतं. मग खरोखर एकमेकांना चिकटून थंडी काढणारं कोण, ते शोधताना एम्परर पेंग्विन सापडले. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात तिथले नर पायांवर अंडं सांभाळत सुमारे 65 दिवस उपाशी उभे असतात आणि उबेसाठी दाट घोळका करतात. घोळका सतत हळूहळू सरकत असतो, त्यामुळे कडेचे आत येतात आणि आतले कडेला जातात. मुलाला हे फार आवडलं. आता पांघरुणात तिघं झोपलो की मध्येच फर्मान निघतं, "बाबा, आता कडेला तुमची पाळी."

*

मी आजोबा आहे. नातीला जपानी लोककथा सांगतो. वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक गरीब म्हातारा टोप्या विकायला जातो, एकही खपत नाही. परतताना बर्फात जिझोच्या सहा मूर्ती दिसतात. जिझो म्हणजे मुलांचा आणि वाटसरूंचा रक्षणकर्ता. टोप्या पाचच. सहाव्या मूर्तीला तो आपल्या डोक्याचं फडकं बांधतो आणि रिकाम्या हातांनी घरी जातो. रात्री त्या मूर्ती दारात धान्याची पोती आणून ठेवतात.

नातीला पोत्यांचं काही वाटलं नाही. तिने विचारलं, "आजी रागावली नाही?" नाही, गोष्टीतली आजी म्हणते, बरं केलंत. ते ऐकून मला माझी आई आठवली. आठ-नऊ वर्षांचा असताना मी माझा स्वेटर वर्गातल्या एका मुलाला देऊन आलो होतो. घरात दुसरा नव्हता. भीत भीत सांगितलं, तर आईने एवढंच विचारलं, "त्याला मापात बसला का?"

हल्ली मी पोत्यांचा भाग गाळतो. दिलं की मिळतं, असा हिशोब मुलांच्या डोक्यात नको.

*

आजोबा, पोती गाळू नका. नवं वर्ष उजाडताना ती दोघं उपाशी आहेत, या विचाराने माझा मुलगा झोपलाच नसता.

*

माझी काळजी थोडी वेगळी आहे. माझी मुलगी सगळं देऊन टाकायची. पेन्सिली, खोडरबर, एकदा तर नवे हातमोजे. मला तिचं कौतुक वाटायचं. पुढे कळलं की खेळायला घ्यावं म्हणून ती देत होती. उदारपणाच्या गोष्टी मी तिला हौसेने सांगत होते, याचं तेव्हा फार वाईट वाटलं. मग मोज्याची गोष्ट पुन्हा काढली आणि तिलाच विचारलं, आत येण्यासाठी सशाने काय दिलं? कोल्ह्याने? ती विचार करत राहिली. "काहीच नाही. नुसतं विचारलं." ते वाक्य ती दोनदा म्हणाली.

*

आपली चिऊताई पावसातली, पण माझा भाचा ती थंडीतच ऐकतो. बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, असं म्हणत चिऊताई कावळ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवते, ते त्याला सहन होत नाही. त्याने गोष्टच बदलली. कावळा टकटक करतो, चिऊताई लगेच दार उघडते. मी म्हटलं, मग संपली की गोष्ट! तो म्हणाला, "नाही मावशी, आता ते आत काय करतात ते सांग." आता रोज रात्री तिथूनच सुरुवात होते. काल कावळ्याचे पंख वाळत घातले होते, आणि बाळाने त्याला आपली उशी दिली.