पहिलं आरसी (रेडिओ कंट्रोलवर उडणारं) विमान बाल्सा या हलक्या लाकडाच्या किटमधून बांधायचं आहे, सल्ला हवा

कोरीपाटी
किटमधून विमान बांधण्याची ही पहिलीच वेळ. निवडलेलं किट असं: पंख वर असलेलं ट्रेनर, लेझरने कापलेला बाल्सा आणि प्लायवुड, पंखविस्तार १३५० मिमी, पंखाची रुंदी म्हणजे कॉर्ड सगळीकडे २२० मिमी, तयार वजन सुमारे १०५० ग्रॅम. इलेक्ट्रिक करायचं आहे. मोटर, सर्व्हो (विमानाचे हलणारे भाग चालवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसीव्हर काहीच किटमध्ये नाही.
तीन चॅनल (वेगवेगळी नियंत्रणं) ठेवावेत की चार? मोटर-बॅटरीचा मेळ कसा घालायचा? कुठे कोणता ग्लू वापरायचा? आणि नंतर दुरुस्त न होणाऱ्या चुका कोणत्या टप्प्यावर होतात?

बाल्साभुसा
किट योग्य आहे. पंखाचं क्षेत्रफळ साधारण २९.७ चौरस डेसिमीटर येतं, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला ३५ ग्रॅम भार. शिकाऊ विमानाला ३० ते ४५ ग्रॅम ठीक. भार कमी असला की विमान सावकाश उतरतं आणि हातांना विचार करायला वेळ मिळतो. लढाऊ विमानांच्या हुबेहूब प्रतिकृती पहिल्या खेपेला नकोतच. त्यांचे निमुळते पंख टोकाकडून आधी स्टॉल होतात, म्हणजे उचल गमावतात, आणि विमान एका अंगावर पडतं.

चॅनलचं उत्तर पंखाच्या डायहेड्रलवर, म्हणजे पंख टोकाकडे किती अंश वर उचललेले आहेत त्यावर आहे. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) नसतील तर रडरने (उभ्या शेपटीच्या हलणाऱ्या भागाने) विमान आधी आडवं घसरतं, पुढे आलेल्या पंखाला हवा जास्त कोनात लागते, तो उचलला जातो आणि मग विमान वळतं. हे नीट घडायला प्रत्येक बाजूला निदान ५-६ अंश डायहेड्रल लागतो. चार चॅनलच्या ट्रेनरमध्ये तो २-३ अंशच असतो. त्यामुळे चार चॅनलच्या किटमधून एलेरॉन गाळून 'सोपं' विमान होत नाही, ते वळायलाच कंटाळतं. प्लानमध्ये एलेरॉन असतील तर ते बसवा आणि बांधकाम चालू असतानाच सिम्युलेटरवर दहा-पंधरा तास घालवा. विमान आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं वाटतं, ती सवय सिम्युलेटरवर फुकटात होते.

सपाटफळी
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: पीळ. पंखात पीळ राहिला तर ट्रिमने (नियंत्रणांच्या बारीक कायमच्या दुरुस्तीने) तो एका वेगाला झाकला जातो, वेग बदलला की पुन्हा डोकं वर काढतो, आणि नेमका उतरताना.

म्हणून आधी बांधायची फळी. पंखाच्या अर्ध्या भागापेक्षा मोठी आणि टाचण्या घेणारी हवी. खाली जाड काच, वर सॉफ्टबोर्ड ही जोडी उत्तम. स्टीलची पट्टी दोन्ही कर्णांवर उभी धरून खालून उजेड दिसतो का बघा. त्यावर प्लान, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, नाहीतर पंख प्लानसकट उचलावा लागेल.

ग्लू उघडण्याआधी स्पारच्या (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य) काठ्या वजन काट्यावर तोला. एकाच आकाराच्या दोन बाल्सा काठ्यांच्या वजनात दीडपट फरक असू शकतो. सारख्या वजनाच्या जोड्या डाव्या-उजव्या पंखात वाटा. एका टोकाला धरून वाकवल्यावर जास्त लवणारी काठी खालच्या स्पारला चालते, ताठ असलेली वर लावा. उडताना वरचा स्पार दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि बाल्सा दाबात आधी हार मानतो.

क्रम: खालचा स्पार टाचण्यांनी जागेवर. टाचणी लाकडातून आरपार घालू नका, दोन्ही बाजूंनी तिरकी लावून कैचीत धरा. मग रिब्ज (पंखाच्या छेदाला आकार देणाऱ्या पट्ट्या), प्रत्येक गुण्याने तपासून. मधली रिब मात्र प्लानमध्ये दिलेल्या डायहेड्रलच्या कोनात कलती लावायची असते, त्यासाठी किटमध्ये बहुधा गेज येतो. मग वरचा स्पार, पुढची कड, मागची कड.

पंखाचा छेद क्लार्क वाय जातीचा असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्याची खालची बाजू सपाट असते, पण सुमारे ३० टक्के कॉर्डच्या मागेच. त्याच्या पुढे ती वर वळते, म्हणून पुढची कड फळीवर टेकत नाही. तिच्याखाली प्लानमधल्या उंचीची पट्टी ठेवा. पुढची कड दाबून फळीला टेकवली तर पंखाचा आकारच बदलतो.

दोन स्पारच्या मधल्या शिअर वेबचे (स्पार एकमेकांना जोडणाऱ्या पातळ पट्ट्यांचे) रेषे उभे हवेत. आडव्या रेषांचं वेब पहिल्याच जोरदार वळणात रेषेवर चिरतं. मुळाकडच्या निम्म्या भागात वेब एकही गाळू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं: वरचं पुढचं शीटिंग (बाल्साचं पातळ आवरण) पंख फळीवर टाचलेला असतानाच चिकटवा. पुढची कड, स्पार, वेब आणि शीटिंग मिळून बंद नळी होते आणि पीळ ती नळी अडवते. ती बंद होताना पंख ज्या आकारात असेल तोच कायम राहतो. प्लानमध्ये टोकाला २ अंश वॉशआउट (मुद्दाम दिलेला पीळ, मागची कड वर) सांगितला असेल तर २२० मिमी कॉर्डला मागच्या कडेखाली ७-८ मिमीची पट्टी लागते. दोन्ही पंखांना तीच पट्टी वापरा. रात्रभर फळीवरच राहू द्या.

तापलेलीइस्त्री
वरच्याशी पूर्ण सहमत. ग्लूबद्दल:

पातळ सायनो (झटपट चिकटणारा सुपरग्लू) घट्ट बसलेल्या सांध्यातच. तो फटी भरत नाही, नुसता झिरपून जातो. रिब आणि स्पारच्या सांध्यात कागद सरकेल एवढी फट असेल तर मध्यम सायनो. शीटिंग आणि जिथे सँडिंग करायचं आहे त्या कडांना लाकडाचा पांढरा किंवा पिवळा ग्लू. सायनोचा सांधा बाल्सापेक्षा फार कडक होतो; घासताना शेजारचं लाकूड खाली जातं आणि सांध्याची वरवंड राहते. फायरवॉल (मोटर बसते ती धडाची पुढची भिंत), पंखांचा जोड आणि लँडिंग गिअरचा प्लाय यांना तीस मिनिटांचं इपॉक्सी. पाच मिनिटांचं इपॉक्सी लाकडात मुरायच्या आत घट्ट होतं, ते छोट्या कामापुरतंच ठेवा. खिडकी उघडी ठेवा, सायनोचा धूर डोळ्यांना झोंबतो.

शेपटीकडे ग्लू मोजून लावा. अशा विमानात शेपूट गुरुत्वमध्यापासून सुमारे ६५० मिमी मागे आणि मोटर सुमारे २५० मिमी पुढे असते. म्हणजे मागे ५ ग्रॅम वाढले की पुढे १३ ग्रॅम घालावे लागतात. शेपटीला हलकी लाकडं, हलका हात.

बिजागऱ्या: सायनोच्या कापडी बिजागरीची चीर कडेच्या बरोबर मध्यावर कापा. बिजागरीच्या मध्यावर टाचणी खोचा, म्हणजे दोन्हीकडे अर्धी-अर्धी जाते. टाचणी काढून दोन्ही बाजूंना पातळ सायनोचे ३-४ थेंब. अ‍ॅक्सलरेटर (सायनो लगेच घट्ट करणारा फवारा) मारू नका, ग्लू आत झिरपायच्या आधीच वर जमतो आणि बिजागरी नुसती तोंडाशी धरलेली राहते. दहा मिनिटांनी प्रत्येक पृष्ठभाग जोरात ओढून बघा. बिजागऱ्या कव्हरिंगनंतर (लाकडावर फिल्म चढवल्यानंतर) चिकटवायच्या, चिरा मात्र आधी कापायच्या.

कव्हरिंग: आधी १२०, मग २२०, शेवटी ४०० नंबरचा पॉलिशपेपर, लाकडी ठोकळ्यावर ताणून. भुसा व्हॅक्यूमने आणि कापडाने पूर्ण काढा, फिल्मखाली राहिलेला प्रत्येक कण नंतर दिसतो. फिल्म कडांना चिकटवायला इस्त्री साधारण १०० अंश सेल्सिअस, आकसवायला १४० ते १५०. फिल्मप्रमाणे हे बदलतं, म्हणून टाकाऊ बाल्सावर आधी करून बघा. पंखाची खालची बाजू आधी, वरची नंतर, जोडावर ५-६ मिमी चढवा. आकसवताना एकच बाजू पूर्ण ताणू नका. थोडी खालून, थोडी वरून, नाहीतर फळीवर सरळ बांधलेला पंख इस्त्रीने वाकतो. तसा वाकलाच तर उलट दिशेने पीळ देऊन धरा, दोन्ही बाजू पुन्हा तापवा आणि थंड होईपर्यंत सोडू नका.

तीनतारा
मोटरचा हिशोब वजनावरून करा. ट्रेनरला दर किलोला १५० ते २०० वॅट पुरे. १०५० ग्रॅमला १९० वॅट धरू. तीन सेलची लायपो बॅटरी भाराखाली ११ व्होल्टच्या आसपास राहते, म्हणजे सुमारे १७ अँपिअर. त्यासाठी २२१६ आकाराची, ९०० ते १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला तेवढे फेरे) आउटरनर (बाहेरचा भाग फिरणारी) मोटर, १०×५ इंची प्रॉपेलर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक) आणि २२०० एमएएच बॅटरी, वजन १८० ग्रॅमच्या आसपास. वॉटमीटर लावून विमान घट्ट बांधून पूर्ण थ्रॉटलला एकदा मोजाच. करंट मोटरच्या मर्यादेच्या वर गेला तर प्रॉपेलरचा व्यास एक इंच कमी करा.

सर्व्हो ९ ग्रॅमचे चार. ईएससीचा बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग) लिनिअर असेल तर तीन सेलवर चार सर्व्हो हलवताना तो तापतो आणि बंद पडला तर रिसीव्हरही बंद. स्विचिंग बीईसी असलेला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा घ्या.

मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींना काटकोनात, बॅटरी आणि ईएससीपासून लांब. धडात हवा आत यायला जेवढं भोक आहे त्यापेक्षा बाहेर जायला मोठं ठेवा, नाहीतर आतली गरम हवा तिथेच कोंडते.

आणि टेबलावर काम करताना प्रॉपेलर काढलेलाच असावा. सेटिंग बदलताना मोटर अचानक सुरू होणं अगदी सहज घडतं.

कोरीपाटी
सगळ्यांचे आभार. फळी आणि ग्लूची यादी झाली. फायरवॉलवर मोटर खाली आणि उजवीकडे कलती का दाखवली आहे? आणि सर्व्हो बसवल्यावर किती हालचाल ठेवायची?

सपाटफळी
ती चूक नाही, सरळ करू नका. पंख वर असल्याने थ्रॉटल वाढवला की विमान नाक वर करतं, म्हणून २-३ अंश डाउन थ्रस्ट. प्रॉपेलरचा पिळदार प्रवाह शेपटीवर आदळून नाक डावीकडे ढकलतो, म्हणून २ अंश राइट थ्रस्ट. कोन फायरवॉलमध्येच नसेल तर मोटरच्या माउंटमागे वॉशर घालतात.

धड जोडताना पंख जागेवर लावून दोरा घ्या: प्रत्येक पंखटोकापासून शेपटीच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं हवं, २-३ मिमीच्या आत. मग मागून चार पावलं दूर उभं राहून आडवी शेपूट पंखाला समांतर दिसते का बघा. ही तपासणी शेपूट चिकटवण्याआधी. नंतर फक्त करवत उरते.

तीनतारा
हालचाल, मागच्या कडेला मोजून: एलेव्हेटर (आडव्या शेपटीचा हलणारा भाग) १० ते १२ मिमी वर-खाली, एलेरॉन ८ ते १०, रडर २० ते २५. एलेव्हेटर आणि एलेरॉनला २५ टक्के एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळ हालचाल सौम्य करणारी सेटिंग). ही हालचाल ट्रान्समीटरमध्ये टक्के कापून आणू नका. पुशरॉड (सर्व्होची हालचाल पोहोचवणारी काठी) सर्व्होच्या आर्मवर आतल्या भोकात आणि कंट्रोल हॉर्नवर (हलणाऱ्या पृष्ठभागावरच्या दांड्यावर) बाहेरच्या भोकात लावा. तसं केलं तर सर्व्होचा पूर्ण फेरा वापरला जातो आणि सांध्यांतली ढिलाई पृष्ठभागापर्यंत कमी पोहोचते.

दिशा प्रत्येक उड्डाणाआधी, विमानाच्या मागे उभं राहून: स्टिक उजवीकडे, तर उजवा एलेरॉन वर. स्टिक मागे ओढली, तर एलेव्हेटर वर. नुसतं 'हलतंय' हे पुरेसं नाही. उलटा एलेरॉन जमिनीवर अगदी तंदुरुस्त दिसतो. फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर लागू होणारी स्थिती) थ्रॉटल शून्यावर ठेवून प्रॉपेलर काढून ट्रान्समीटर बंद करून बघा. मग ट्रान्समीटरच्या रेंज-चेक मोडमध्ये तीस पावलं.

कोरीपाटी
कव्हरिंग झालं, सगळं बसवलं. वजन बरोबर १०५० ग्रॅम. पण पुढच्या कडेपासून ६२ मिमीवर बोटं टेकवली की शेपूट खाली जाते. ७५ मिमीवर तोल बसतो. प्लानमध्ये ६२ आहे. बॅटरी अजून ५० मिमी पुढे सरकू शकते. तसंच उडवून बघावं का?

बाल्साभुसा
तसं उडवू नका. २२० मिमी कॉर्डला ६२ म्हणजे २८ टक्के, ७५ म्हणजे ३४ टक्के. अशा ट्रेनरला २५ ते ३३ टक्क्यांच्या आतच ठेवायचं. नाक जड असेल तर विमान आळशी होतं, उतरताना जास्त वेग लागतो, पण ऐकतं. शेपूट जड असेल तर जरा स्टिक लागली की नाक वर उसळतं, आणि नवशिक्याच्या हातात ते बहुतेक वेळा सावरत नाही.

हिशोब: १८० ग्रॅमची बॅटरी ५० मिमी पुढे नेली तर तोल ५० × १८० ÷ १०५० = ८.६ मिमी पुढे येतो, म्हणजे ६६.४. राहिले ४.४ मिमी. ४.४ × १०५० ÷ २५० = सुमारे १८ ग्रॅम शिसं फायरवॉलपाशी. शिसं घालण्याआधी एक पर्याय: एलेव्हेटर आणि रडरचे सर्व्हो शेपटीजवळ असतील तर पंखाखाली आणा आणि पुशरॉड लांब करा, बहुधा शिशाची गरजच उरत नाही. तोल बॅटरीसकट, प्रॉपेलरसकट आणि पंख रबरबँडने बांधून मोजा.

तापलेलीइस्त्री
शिसं लावलंच तर इपॉक्सीबरोबर एक स्क्रूही घाला. जोरात टेकल्यावर सुटलेलं शिसं थेट ईएससीवर जातं. बॅटरीला वेल्क्रोखेरीज आडवा पट्टा हवाच. ती १० मिमी मागे सरकली तरी तोल १.७ मिमी मागे जातो. बरोबर जागा सापडली की बॅटरीच्या पुढच्या कडेला धडाच्या आत मार्करने रेघ मारून ठेवा.

तीनतारा
पहिल्या उड्डाणाला टायमर ५ मिनिटांचा. वारा ताशी १० किलोमीटरच्या आत, उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर, ट्रिम ५०-६० मीटर उंचीवर आणि साधारण ६० टक्के थ्रॉटलला. त्याच उंचीवर एकदा थ्रॉटल कमी करून स्टॉल कसा होतो ते बघून घ्या. खाली आल्यावर सेल मोजा: प्रत्येक सेल ३.७ व्होल्टच्या वर असेल तर टायमर एक-एक मिनिटाने वाढवता येईल. चार्जिंग २.२ अँपिअरने, आणि दोन दिवसांपेक्षा जास्त न वापरता ठेवायची असेल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून.