दोन कडवी नकोत, एकच ध्रुवपद

नाटकातल्या दुभंगलेल्या पात्राच्या गाण्यात एक कडवे त्याच्या मायेला आणि दुसरे त्याच्या क्रौर्याला द्यावे, ही या चर्चेत आलेली सूचना मला पटत नाही, कारण तशाने ऐकणाऱ्यासमोर एकाऐवजी दोन माणसे उभी राहतात. दोन्ही बाजू जिच्यावर हक्क सांगतील अशी एखादी कृती शोधून ती ध्रुवपदात ठेवावी. नाशिकच्या आमच्या हौशी नाट्यसंघासाठी मी निफाडकडच्या एका काल्पनिक द्राक्षबागायतदाराचे गाणे लिहिले. हा माणूस वेलींना लेकरांसारखे जपतो आणि सख्ख्या भावाच्या वाट्याचे पाणी मात्र तोडतो. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरची फळ छाटणी (घडांसाठी) यांभोवती त्याचे सारे वर्ष फिरत असल्याने ध्रुवपदात फक्त कात्री आली. पहिल्या कडव्यानंतर ती ओळ वेलीबद्दल वाटते, दुसऱ्यानंतर भावाबद्दल, आणि शब्द एकही बदललेला नसतो.

चालीचा मुद्दा या चर्चेत अजून कुणी काढलेला नाही, पण तो मला शब्दांइतकाच महत्त्वाचा वाटतो. जोग रागात दोन्ही गंधार, म्हणजे ‘ग’ या स्वराची दोन्ही रूपे लागतात: चढताना शुद्ध, आणि उतरताना षड्जावर (‘सा’वर) येण्याआधी कोमल, म्हणजे किंचित खालचा. त्यामुळे पात्र जे उघडपणे मिरवते ते चढत्या ओळींत आणि जे लपवते ते उतरत्या ओळींच्या शेवटी आणले, तर राग न बदलताच स्वर काळवंडतो. मात्र हे संगीतकाराशी शब्द पक्के होण्यापूर्वीच बोलून घ्यावे.