स्टेट पार्कातल्या अरुंद ट्रेलवर सायकली हव्यात का?

रानवाट:
गेल्या रविवारी आईला घेऊन हाईकला गेले होते. आई अडुसष्ट वर्षांची. राजगड-तोरणा केलेली बाई, पण गुडघ्यांमुळे आता काठी घेऊन सावकाश चालते. पार्कचं नाव मुद्दाम घेत नाही. वाट जेमतेम दोन फुटांची, डावीकडे डोंगर, उजवीकडे उतार. वळणावरून एक माउंटन बाइकवाला आला, त्याने करकचून ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं आणि आई दचकून झुडपात बसली. तो लगेच थांबला, माफी मागितली, पाणी दिलं. माणूस चांगला होता, म्हणूनच हा धागा काढतेय. चांगल्या माणसालाही त्या वळणावर काही करता आलं नाही.

कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत सायकलींना ताशी १५ मैलांची मर्यादा असते, आंधळ्या वळणावर ५. ताशी १५ मैल म्हणजे सेकंदाला २२ फूट. वीस फुटांपलीकडचं दिसत नसेल तर सायकलवाल्याने मला पाहून ठरवायचं कधी आणि थांबायचं कधी?

माझ्या मते फायर रोड, म्हणजे आगीच्या बंबांसाठी काढलेले रुंद कच्चे रस्ते, सायकलींना द्यावेत आणि अरुंद वाटा चालणाऱ्यांना. माउंट टॅमलपाईस स्टेट पार्कात साधारण असंच आहे. कोस्ट व्ह्यूसारख्या मोजक्या वाटा सायकलींना खुल्या आहेत, पण स्टीप रॅव्हीनवर सायकल नाही. रेडवूडखालून ओढ्याकाठी ती वाट उतरते, मध्येच एक लाकडी शिडी लागते. आई तिथे दोन तास होती आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही तिने.

दोन_चाकं:
आईंना लागलं नाही ना? आधी ते सांगा.

मी बारा वर्षं या भागात माउंटन बाइक चालवतोय आणि तुमचा निष्कर्ष मला उलटा वाटतो. सगळ्यात जास्त वेग फायर रोडवरच येतो. रुंद, सरळ आणि तीव्र उताराचा रस्ता तो. हा खेळच तिथून सुरू झाला. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये फेअरफॅक्सजवळ पाइन माउंटनच्या फायर रोडवर पहिली रिपॅक शर्यत झाली. जुन्या जाड टायरच्या सायकली, पेडल उलटं दाबून लागणारा ब्रेक. उतरेपर्यंत चाकाच्या मधला हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर वेळी नव्याने भरावं लागायचं, म्हणून नाव रिपॅक. पुढच्याच वर्षी त्यातल्याच जो ब्रीझ या सायकलपटूने खास या कामासाठी फ्रेम बनवली. सायकलींना फायर रोडवर ढकललंत तर तोच वेग तुम्ही मागून घेताय, आणि त्या रस्त्यांवरही माणसं चालतातच.

अरुंद, वळणावळणाची वाट वेग मुळातच कमी करते. सान पाब्लो खाडीकाठच्या चायना कॅम्प स्टेट पार्कात शोरलाइन आणि बे व्ह्यू या अरुंद वाटा सायकलींना खुल्या आहेत. शनिवारी सकाळी जाऊन बघा. घंटी वाजते, चाक थांबतं, 'गुड मॉर्निंग' होतं. २०११ मध्ये राज्याने पैशांअभावी ७० पार्कं बंद करायची यादी काढली, त्यात चायना कॅम्प होतं. स्थानिक लोकांनी पैसे उभे केले आणि २०१२ पासून त्यांचीच संस्था ते पार्क चालवते. आम्हाला त्या वाटांवरून हाकललं असतं तर त्या वेळी आम्ही कशासाठी धावलो असतो?

कातळ:
'सायकलींनी वाटा उखडतात' हा मुद्दा कोणीतरी आणेलच, म्हणून आधीच लिहितो. १९९४ मध्ये मॉंटानातल्या डोंगरवाटांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. चाकांपेक्षा बूट आणि टापांनी जास्त माती सुटी झाली, असं त्यात निघालं. चिखल टाळायला आपण कडेकडेने जातो आणि दोन फुटांची वाट सहा फुटांची करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ब्रेकने घसरलेल्या चाकाचा चर पडतो आणि पुढच्या पावसाचं पाणी त्यातूनच वाहतं, हेही तितकंच खरं. हेन्री को स्टेट पार्कात अर्धा इंच पाऊस झाला की अरुंद वाटा ४८ तास सायकली आणि घोड्यांना बंद असतात. हा नियम सगळीकडे हवा. मातीच्या नावाने कायमची बंदी मात्र पटत नाही.

भटक्या_६४:
रानवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत.

नियम सगळ्यांना पाठ आहे: सायकलने चालणाऱ्यालाही वाट द्यायची आणि घोड्यालाही. कोणी कोणाला वाट द्यायची ते दाखवणारा त्रिकोणही पाटीवर काढलेला असतो. प्रत्यक्षात मी दर वेळी स्वतःच बाजूला होतो, कारण वजन आणि वेग समोरच्याकडे असतो. राजमाचीच्या वाटेवर डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईला आपण कडेला उभं राहून जाऊ देतो. तिथे पाटी नाही. ज्याला थांबणं जड जातं त्याला वाट मिळते. इथे उतारावरचा सायकलवाला 'मला थांबणं जड आहे' म्हणून तोच हक्क घेतो, पण त्याचा वेग त्याने हौसेने घेतलेला असतो. मोळीवालीचा भारा तसा नसतो.

आणि आता ई-बाइक. पूर्वी चढ दमवायचा, त्यामुळे लांबच्या वाटांवर गर्दी कमी असायची. मोटर लागली की ती चाळणी गेली.

पळसफूल:
माझी मुलगी हायस्कूलच्या माउंटन बाइक टीममध्ये आहे. ही शालेय लीग २००१ मध्ये इथेच, उत्तर कॅलिफोर्नियात सुरू झाली. शनिवारी पहाटे सहाला पोरगी आपणहून उठते, फोन घरी ठेवून चार तास डोंगरात असते. तुम्ही म्हणता त्या सगळ्या वाटा बंद केल्या तर ही मुलं सराव कुठे करणार? तिच्या कोचने पहिल्या महिन्यात फक्त ब्रेक आणि वाट देणं शिकवलं. आंधळ्या वळणाआधी ती मुलं ओरडून सांगतात.

तुमच्या आईंची भीती खरी आहे. माझी सासू असती तर मीही चिडले असते. पण ताहो सरोवराजवळ काय केलंय बघा: ताहो रिम ट्रेलच्या ताहो मेडोज ते टनेल क्रीक या टप्प्यावर सायकली फक्त सम तारखांना. विषम तारखेला चालणारे निर्धास्त. असं इथे का नको?

दोन_चाकं:
सम-विषम मला मान्य. त्याहूनही बरं म्हणजे वेगळी वाट. सांताक्रूझजवळ सोकेलच्या राज्य वनात स्वयंसेवकांनी राबून चारेक मैलांची खास सायकलींची फ्लो ट्रेल, म्हणजे सलग वळणं घेत उतरणारी वाट, बांधली. मीही तिथे कुदळ मारली आहे.

रानवाट:
आई ठीक आहे, कोपर खरचटलं फक्त. विचारल्याबद्दल मनापासून आभार.

सम-विषम तारखांची कल्पना आवडली. आई तारीख बघून निघेल, तिला सवय आहे कॅलेंडरची. फायर रोडवर वेग वाढतो हा मुद्दाही मान्य, पण तिथे मला सायकल लांबून दिसते, आणि माझं म्हणणं दिसण्याबद्दलच आहे. म्हणून जिथे वेगळे दिवस शक्य नाहीत तिथे अरुंद वाटेवर सायकली फक्त चढाच्या दिशेने सोडा. उतरायला फायर रोड घ्या. दोन_चाकं, तुम्ही याला तयार आहात का?

दोन_चाकं:
नाही. दीड तास चढून मी जातो ते त्या अरुंद उतारासाठीच. आंधळ्या वळणांवरची झुडपं छाटायची असतील तर मात्र हाक मारा, कात्री घेऊन येतो.

रानवाट:
झुडपं छाटायला आम्हीही येऊ. उताराबद्दल मी अजून तुमच्याशी सहमत नाही.