अनुभव धागा: स्टेअरिंग 'फास्ट' करून घेतलंय का कुणी? रॅक बदललेल्या नाशिककरांनी लिहा

पाथर्डी फाटा (धागा मीच काढतोय)

माझ्याकडे २००१ सालची झेन आहे, पॉवर स्टेअरिंग नसलेली. गाडीवर जीव आहे, त्यामुळे 'विकून टाक' हा सल्ला आधीच साभार परत. मागच्या रविवारी पुढची बाजू जॅकवर घेतली आणि स्टेअरिंग डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत किती फिरतं ते मोजलं. चार चकरांना थोडं कमी. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना प्रत्येक आकड्याच्या वळणाला हाताची घुसळण होते, ताक करतोय असं वाटतं.

मला हे तीनच्या आत आणायचंय, म्हणजे स्टेअरिंग 'फास्ट' करायचंय: तेवढ्याच वळणाला कमी चकरा. त्यासाठी रॅक बदलावी लागते, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा. बाहेरच्या देशांत सर्रास करतात. बीएमडब्ल्यू ई-३० वाले आपली जवळजवळ चार चकरांची रॅक काढून ई-३६ किंवा झेड-३ ची बसवतात. जुन्या फोर्ड एस्कॉर्टच्या रॅलीवाल्यांकडे तर अडीचच्या आतली रॅक असते. आपल्याकडे प्रत्यक्ष कुणी केलंय? 'काकांच्या मित्राने केलं होतं' नको. आणि खर्चापेक्षा नंतर काय झालं ते लिहा.

गंगापूर रोड

केलंय, आणि झेनलाच केलंय. म्हणून हक्काने लिहितो.

नाशिकला रॅली नवीन नाही. रॅली ऑफ महाराष्ट्र आली की आम्ही कॉलेज बुडवून गाड्यांखाली वाकून बघत बसायचो. तिथे लक्षात आलं की ती पोरं वळणात स्टेअरिंगवरचे हात सोडतच नाहीत. आपण तीनदा हात बदलू तिथे त्यांचं काम मनगट आणि कोपरावर भागतं. तेव्हापासून डोक्यात किडा होता. पुढे ऑटोक्रॉसचा (मैदानात प्लास्टिकचे कोन मांडून त्यांतून गाडी पळवायची शर्यत) नाद लागला आणि एकाने रॅलीची गाडी मोडीत काढली, त्यातून रॅक पदरात पडली. चकरा पावणेचारवरून पावणेतीनवर आल्या.

मातीवर मजा आली, खोटं कशाला बोलू. हँडब्रेक ओढून मागची बाजू सुटली की पूर्वी सावरताना हात एकमेकांत अडकायचे. आता निम्म्या चकरेत गाडी सरळ. पण पहिल्या दिवशी मी तीन कोन उडवले, तिन्ही आतल्या बाजूचे. गाडी नव्या रॅकवर होती, डोकं जुन्या रॅकवर. ते जुळायला दोन-तीन आठवडे गेले.

आणि खरा धडा मातीवर मिळाला नाही, रविवार कारंज्यावर मिळाला. दोन टेम्पोंच्या मधे गाडी लावायची होती. उभ्या गाडीत स्टेअरिंग हलेचना. चकरा पावणेचारच्या पावणेतीन झाल्या म्हणजे जोर छत्तीस टक्के जास्त लागणार, हे गणित चौथीतलं पोरही करेल. मी त्यात आणखी शहाणपणा केला होता: स्टेअरिंगचं सदतीस सेंटिमीटरचं चाक काढून तेहतीसचं स्पोर्ट्स चाक लावलं होतं. ते बारा टक्के आणखी. दोन्ही मिळून जोर दीडपटीच्या वर. मागे रिक्षावाल्याचा हॉर्न, वर ऊन, आणि मी सीटवरून अर्धा उठून चाकाला लोंबकळतोय.

(चाक लहान केलं की स्टेअरिंग फास्ट होतं असं समजणाऱ्यांसाठी: होत नाही. हाताला कमी अंतर जावं लागतं इतकंच. चकरा तेवढ्याच राहतात.)

हायवेला उलट तऱ्हा. ओझरकडे जाताना नव्वदच्या वेगात शिंक आली आणि गाडीने लेन बदलली. बायको म्हणाली, 'आता आपण आजारी पडायचं नाही का?'

दोन वर्षं चालवली. उजवा खांदा बोलायला लागला तेव्हा जुनी रॅक परत बसवली. ती फास्ट रॅक अजून आमच्या माळ्यावर आहे, आईच्या पितळी हंड्यांशेजारी.

इंदिरानगर

माझा अनुभव न बदलण्याचा आहे, चालेल ना?

बाबांची अल्टो, तीही बिनपॉवरची. मलाही वाटायचं की स्टेअरिंग मंद आहे. मुंबई नाक्याच्या सर्कलला वळवलं की गाडी आधी विचार करते आणि मग वळते. रॅक बदलायचीच म्हणून विचारपूस सुरू केली, तर मामा (एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त) म्हणाले, 'आधी प्ले मोज. मग बोल.' प्ले म्हणजे टायर हलायच्या आधी स्टेअरिंग नुसतंच किती फिरतं ते.

मोजायची त्यांची पद्धत सांगते. गाडी सपाटीवर, चाकं सरळ. स्टेअरिंगच्या रिमवर वरच्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावायची. डॅशबोर्डवर एक दोरा ताणून चिकटवायचा, पट्टीच्या बरोबर समोर. एकाने बाहेर पुढच्या टायरवर हात ठेवून बसायचं. आतल्याने स्टेअरिंग अलगद डावीकडे न्यायचं, टायर हलल्याचं बाहेरून कळलं की थांबायचं आणि पट्टी दोऱ्यापासून किती सरकली ते बघायचं. मग उजवीकडे तसंच. बाहेर मी बसले होते, आत मामा. माझ्या हाताला काही लागेपर्यंत मामांची पट्टी मिळून सहा सेंटिमीटर सरकली होती!

मामांनी तिथेच नियम ऐकवला: केंद्रीय मोटार वाहन नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंगला तीस अंशांपेक्षा जास्त प्ले चालत नाही. आपल्या साधारण आकाराच्या स्टेअरिंगवर तीस अंश म्हणजे रिमवर साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे आमची गाडी कायद्यात बसत होती, पण मामांच्या कायद्यात नव्हती.

निघालं काय, तर कॉलमच्या (स्टेअरिंगपासून रॅककडे जाणाऱ्या दांड्याच्या) खालचा क्रॉस, म्हणजे तिथला सांधा, झिजलेला आणि डाव्या बाजूचा टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) सैल. दोन्ही बदलले, अलाइनमेंट केली, टायरमध्ये हवा बरोबर भरली. चकरा तेवढ्याच आहेत. गाडी मात्र आता सांगितल्याबरोबर वळते. ज्याला मी मंद म्हणत होते ती ढिलाई होती.

पाथर्डी फाटा

ताई, दोरा-पट्टी उद्याच करतो. गंगापूर रोडवाले, माळ्यावरची रॅक विकायची आहे का, हे आत्ताच विचारून ठेवतो.

नाशिकरोड, गॅरेज आहे

तीस वर्षं हेच काम. रॅक बदलायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं वरच्या ताईंसारखंच निघतं. तरीही ज्याला करायचंच आहे त्याच्यासाठी चार गोष्टी.

नव्या रॅकची सरक, म्हणजे दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती जातो, ती जुनीइतकीच हवी. जास्त असली तर पूर्ण वळवल्यावर टायर घासतो, कमी असली तर गाडीला यू-टर्नला जास्त जागा लागते. लोक चकरा मोजून घेऊन येतात, सरक कुणी मोजत नाही.

बसवताना उंची हलवायची नाही. एकाची रॅक ब्रॅकेटला नीट बसेना म्हणून खाली वायसर घालून सात-आठ मिलिमीटर उचलली होती, दुसरीकडे. माझ्याकडे आला तेव्हा तक्रार अशी की खड्ड्यात गेलं की गाडी आपोआप डावीकडे-उजवीकडे बघते. बघणारच. चाक वर-खाली होताना टाय रॉड आणि खालचा आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) यांचे कंस जुळावे लागतात. रॅक उचलली की ते फिसकटतं, आणि प्रत्येक खड्डा स्टेअरिंग फिरवतो. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर कल्पना करा.

टाय रॉड एंड खोलण्याआधी आटे मोजून पाटीवर लिहायचे. तेवढेच आटे परत आत गेले की निदान अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी सरळ जाते.

आणि एअरबॅगच्या गाडीत रॅक खाली काढली असेल तर वरचं स्टेअरिंगचं चाक बांधून ठेवायचं. आमच्याच पोराने एकदा रेडिओच्या तालावर ते गरागरा फिरवलं. चाकाखाली क्लॉक स्प्रिंग असते, एअरबॅगची वायर तिच्यातून गुंडाळून येते. तुटली. लाइट लागला. भुर्दंड माझ्या खिशातून गेला. पोरगा हुशार आहे, आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, पण रेडिओ अजून लावत नाही म्हणतो.

अंबड, गिअर कटिंगमध्ये आहे

'फक्त पिनियनचे (रॅकला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचे) दाते वाढवून दे' म्हणत वर्षाला एक-दोन जण येतात. एकदा मीही मोहात पडलो, म्हणून लिहितो.

कागदावर फार सोपं आहे. समजा मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) २, दाते तिरपे वीस अंशांत, आणि रॅकची एकूण सरक १४० मिलिमीटर. सहा दात्यांच्या पिनियनच्या एका चकरेत रॅक ४० मिलिमीटर जाते, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत साडेतीन चकरा. सात दाते केले की एका चकरेला पावणेसत्तेचाळीस, म्हणजे बरोबर तीन चकरा. एक दात वाढवला, अर्धी चकर वाचली. वा!

पण दात वाढला की पिनियन जाड होतं. व्यास पावणेतेरावरून पंधराला टेकतो. त्याचं केंद्र रॅकपासून मिलिमीटरभर दूर जायला हवं आणि हाउसिंगमधलं बेअरिंग काही जागचं हलत नाही. मग दात्याचा आकार सरकवून कापायचा, रॅक मागून दाबणारा पॅड मागे घ्यायचा, अशा कसरती. मी त्या केल्या. हार्डनिंग केलं, ग्राइंडिंग केलं, दात्यांना निळा रंग लावून फिरवून बघितलं. निळा डाग दात्याच्या मधोमध पसरायला हवा होता. तो आला दात्याच्या कडेवर, नखाएवढा. म्हणजे सगळा भार त्या नखाएवढ्या जागेवर.

आणखी एक गंमत. जुनी रॅक मधोमध झिजलेली असते, कारण गाडी जास्त वेळ सरळच चालते. मधे प्ले काढायला पॅड आवळला की टोकांना जाम होते. टोकांना मोकळी ठेवली की मधे खडखडते.

ते पिनियन माझ्या टेबलावर पेपरवेट आहे. गिअरबॉक्सचा दात तुटला तर गाडी उभी राहते. याचा तुटला तर गाडी उभी राहत नाही. रॅक आणि पिनियन जोडीनेच कापलेली, पूर्ण मिळाली तरच घ्या. गंगापूर रोडवाल्यांच्या माळ्यावर आहे ती तशीच असणार.

दिंडोरी

द्राक्षवाले आम्ही. पिकअपमध्ये मागे क्रेट भरले की पुढचा भाग हलका होतो आणि स्टेअरिंग आपोआप सैलावतं. आम्हाला ते आणखी फास्ट केलेलं फुकट दिलं तरी नको. झटका बसला की मार्केटला पोचेपर्यंत खालच्या क्रेटमध्ये ज्यूस. चालू द्या तुमचं, वाचतोय.

कॉलेज रोड

इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगवाल्यांनी माझं वाचा आणि गप्प बसा.

माझी हॅचबॅक, पाच-सहा वर्षांची, मोटर कॉलमवर असलेली. त्याच कंपनीच्या वरच्या मॉडेलची रॅक थोडी फास्ट आहे आणि 'बोल्ट टू बोल्ट बसते' असं एका दुकानदाराने सांगितलं. बसली खरंच. शहरात झकास. जोराचा प्रश्नच नाही, मोटर आहे ना.

मग पावसात सापुताऱ्याला निघालो. घाटात एका डाव्या वळणाला, वेग काही फार नव्हता, गाडीने स्वतःच ब्रेक मारला. पुढचं एक चाक पकडल्यासारखं झालं, नाक बाहेर गेलं, डॅशवर घसरत्या गाडीचा दिवा लुकलुकला. मला वाटलं रस्त्यावर डिझेल सांडलंय. पुढच्या वळणाला तेच. तिसऱ्याला थांबलो.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. स्टॅबिलिटी कंट्रोल स्टेअरिंगचा कोन बघतं आणि त्यावरून गाडी किती वळायला हवी ते ठरवतं. ते गणित जुन्या रॅकचं. नव्या रॅकवर तेवढ्याच कोनाला गाडी जास्त वळते. कॉम्प्युटरला वाटतं मागची बाजू सुटली, आणि तो सावरायला बाहेरचं पुढचं चाक आवळतो. त्याच्या परीने तो मला वाचवत होता. सेन्सर शून्यावर सेट करूनही उपयोग झाला नाही. सरळ कुठे ते त्याला कळलं, प्रमाण कोण सांगणार?

शिवाय विमा कंपनीला काही कळवलं नव्हतं, आणि परस्पर बदल केले की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. आठवड्यात जुनी रॅक परत. वरच्या मॉडेलची रॅक विकायला काढलीय असं लिहिणार होतो, पण कुणाला विकायची लाज वाटते.

देवळाली कॅम्प

सगळे रॅक रॅक करताहेत. आमच्या जुन्या जीपला रॅक नसते, स्टेअरिंगचा बॉक्स (दात्यांची बंद पेटी) असतो, हे तरुणांना सांगावं म्हणून लिहितो. बॉक्सच्या डोक्यावर एक स्क्रू असतो, तो आवळला की प्ले कमी होतो. मी उत्साहात पाऊण चकर आवळला. स्टेअरिंग एकदम कडक, तरुणपणीच्या जीपसारखं! त्र्यंबक रोडला पहिल्या वळणानंतर हात सैल सोडला तर चाक परत येईना. गाडी वळतच राहिली, थेट एका पेरूच्या गाडीकडे. वेग बैलगाडीचा होता म्हणून पेरू वाचले. पेरूवाला शांतपणे म्हणाला, 'काका, सरळ करा की.'

स्क्रू तिथेच रस्त्यावर परत सैल केला. पाव किलो पेरू घेणं भागच होतं.

पाथर्डी फाटा

दोरा-पट्टी केली. पाच सेंटिमीटरच्या वर निघाला. खाली शिरून बघितलं तर कॉलमचा क्रॉस हाताने खटखट वाजतोय, आणि रॅकच्या उजव्या टोकाच्या रबरी बूटला (आवरणाला) चीर, आत माती. इतकी वर्षं मी हे 'जुन्या गाडीचं कॅरेक्टर' म्हणत होतो.

क्रॉस आणि दोन्ही एंड मंगळवारी बदलतोय. नाशिकरोडवाल्यांकडेच येतो, आटे मोजून आणतो. मग पुन्हा गडावर जाऊन बघेन की घुसळण खरोखर किती उरते.

गंगापूर रोडवाले, तोवर ती रॅक माळ्यावरून खाली काढून ठेवा. अंबडवाल्यांना घेऊन बघायला येतो, ते निळा रंग आणतील. घेईनच असं नाही.