पॅच टेस्ट कानामागे की कोपराच्या आत?

पार्लरताई_डोंबिवली: केसांना डाय लावायच्या आधी तो कातडीला सोसतो का बघायला, म्हणजे पॅच टेस्टसाठी, सगळीकडे कानामागे डायचा ठिपका लावतात. मी कोपराच्या आतल्या बाजूला लावते आणि सगळ्यांनी तेच करावं असं माझं ठाम मत आहे. डायमधल्या पीपीडीची, म्हणजे गडद रंग देणाऱ्या रसायनाची, अ‍ॅलर्जी लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठते, कधी तिसऱ्या दिवशी, म्हणजे तेव्हा बाई तिच्या घरी असते, आपल्या खुर्चीत नसते. कानामागचं तिला स्वतःला दिसणार कसं? कोपराजवळ बारीक पुरळ आलं तरी पोळ्या लाटताना नजरेस पडतं, तिथल्या तिथे फोटो काढून पाठवते.

कोल्हापूरची_रूपा: नाही पटलं ताई. डाय लागणार कुठे, कपाळाच्या कडेला, कानावर, मानेवर. मग तिथलीच कातडी बघायला नको का? कोपराच्या खोबणीत घाम येतो, हात दुमडला की चोळलं जातं, मे महिन्यात घामोळं उठलं तर ते डायचं की उन्हाचं हे कोण ठरवणार? आणि नवरीच्या हातावर काळा डाग ठेवायचा? आता मेंदी कोपराच्या वरपर्यंत काढतात.

पार्लरताई_डोंबिवली: टिकलीएवढा ठिपका पुरतो हो. आणि नवरीची टेस्ट मेंदीच्या तोंडावर करायचीच कशाला, आठवडाभर आधी बोलवा. घामोळं दोन्ही हातांना येतं, डायचं पुरळ ठिपक्याच्या जागीच येतं, दुसरा हात शेजारी धरून बघितलं की कळतं. उलट कानामागे खोट्या झुमक्यांच्या निकेलने आधीच खाज असते कितीतरी जणींना, त्यात चष्म्याची दांडी घासते. तिथली लाली कशाची हे तुम्ही कसं ओळखता?

स्किन_ओपीडी_पुणे: त्वचेच्या ओपीडीत काम करते म्हणून सांगते. डॉक्टर पॅच टेस्ट पाठीवर लावतात, वरच्या भागात. जागा सपाट, मोठी, आणि हात पोचत नाही म्हणून खाजवलं जात नाही. 48 तासांनी पट्ट्या काढून बघतात, नंतर साधारण चौथ्या दिवशी परत बघतात. पार्लरमधला ठिपका म्हणजे ती तपासणी नव्हे, तो फक्त धोक्याचा इशारा आहे. पण सकाळी ठिपका आणि संध्याकाळी डाय असं करत असाल तर कान काय नि कोपर काय, काही उपयोग नाही.

साधंसरळ_नाशिक: बोलायला सोपं आहे. एका डायसाठी बाई दोनदा येत नाही, 48 तास म्हटलं की शेजारच्या पार्लरमध्ये जाते. आणि जी वर्षानुवर्षं तोच डाय लावतेय तिची कसली टेस्ट?

पार्लरताई_डोंबिवली: तिचीच आधी करा! पीपीडीची अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षं डाय लावल्यावरही सुरू होते. माझ्याकडे एक काकू आल्या होत्या, दुसरीकडे नेहमीचाच डाय करून घेतलेला, दोन्ही पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळे उघडेनात, कपाळाच्या कडेने पाणी सुटलेलं. सरळ डॉक्टरकडे पाठवलं. अशी वेळ येण्यापेक्षा गिऱ्हाईक शेजारी गेलेलं चालेल मला.

स्किन_ओपीडी_पुणे: अजून एक. जत्रेत, बीचवर काळी मेंदी काढतात त्यात बऱ्याचदा पीपीडीच असतं. त्याने कधी फोड आले होते का हे आधी विचारा, आले असतील तर ठिपकाही लावू नका, सरळ नाही म्हणा. ठिपक्यानेही जोरात उठू शकतं.

कोल्हापूरची_रूपा: हे मात्र विचारायलाच हवं, फॉर्मवर छापून घेते. जागेबद्दल माझं मत तेच आहे. माझ्याकडच्या बायका दिवसभर पाण्यात हात घालून असतात, शेतात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, कोपराजवळ काही टिकत नाही. मी कानामागेच लावणार, आणि दोन दिवसांनी घरातल्या कोणाकडून तरी फोटो काढून पाठवायचा, फोटो आल्याशिवाय डाय कालवणार नाही.

पार्लरताई_डोंबिवली: फोटो येत असेल तर माझी अर्धी तक्रार मिटली. झुमके मात्र तेवढे दोन दिवस काढून ठेवायला सांगा.