पोलिसांच्या छाप्यात महिला पंच (साक्षीदार) म्हणून जायला मी नकार दिला. आता काय करता येईल?

कण्हेर:

मी पुण्याच्या एका उपनगरात राहते. सव्वीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमच्या इमारतीच्या मागे एक लॉज आहे. त्याच्या गच्चीवर एक मुलगी कपडे वाळत घालायला येत असे. दोनच फ्रॉक, एक पोपटी आणि एक जांभळा, आलटून पालटून. आठवी-नववीच्या मुलींमध्ये आयुष्य काढलेल्या माझ्या नजरेला तिचे वय पंधराच्या पुढे वाटले नाही. एकदा औषधांच्या दुकानात ती माझ्या शेजारीच उभी होती. दुकानदाराने काय हवे म्हणून तिला विचारले, तर उत्तर तिच्यासोबतच्या माणसाने दिले. कुठे दुखते असे विचारले, तेही त्यानेच सांगितले. ती सारा वेळ काउंटरच्या काचेखालच्या पाकिटांकडे पाहत होती. घरी येऊन मी हे यजमानांना सांगितले, दोन मैत्रिणींना सांगितले, आणि सांगून मन हलके झाले म्हणून तिथेच थांबले.

गेल्या महिन्यात एके दिवशी दुपारी दळणाचा डबा घेऊन मी खाली उतरत असताना साध्या वेशातल्या एक महिला पोलीस जिन्यात भेटल्या. त्या लॉजवर छापा घालायचा आहे, महिला पंच मिळत नाही, दोन-तीन तासांचे काम आहे, असे त्यांनी सांगितले. मी घरात विचारते म्हणाले. घरातून उत्तर आले ते आपल्या सगळ्यांच्या घरांत येते तेच, की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी नाही म्हणून सांगितले आणि दळण घेऊन आले. त्या दिवशी छापा पडला नाही. चार दिवसांनी लॉजच्या दाराला कुलूप होते आणि गच्चीवरची दोरीसुद्धा काढलेली होती.

माझ्या होकाराने ती मुलगी सुटली असती की नाही, हे मला कोणी सांगू शकणार नाही आणि मी ते विचारतही नाही. पंच होणे म्हणजे नेमके काय, त्यात भीती बाळगण्यासारखे किती असते आणि आता एवढ्या उशिरा मला काही करता येईल का, हे ज्यांना अनुभवाने माहीत आहे त्यांनी कृपया सांगावे.

---

सदाफुली:

ताई, मी नऊ वर्षांपूर्वी अशा छाप्यात पंच होते. तेव्हा मी बँकेत नोकरीला होते आणि तुमच्याइतकीच घाबरलेली होते, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहिते.

आधी पोलीस ठाण्यात बसवतात. बनावट गिऱ्हाईक म्हणून जाणाऱ्या माणसाला ज्या नोटा देतात, त्यांचे क्रमांक आपल्यासमोर पंचनाम्यात उतरवले जातात. तो आत जातो, सौदा ठरला की इशारा करतो, मग पथक आत शिरते आणि आपण त्यांच्या मागून जातो. पुढे त्याच नोटा व्यवस्थापकाच्या खिशात किंवा गल्ल्यात सापडतात आणि क्रमांक जुळवले जातात. पंचाला कोणाशी बोलायचे नसते, कोणाला धरायचे नसते. जे दिसते ते पाहायचे, आणि जे लिहिले आहे ते तसेच दिसले होते याची खात्री करून सही करायची, एवढेच काम असते.

आमच्या वेळी खोल्यांत चारच बायका सापडल्या होत्या आणि पथक निघण्याच्या तयारीत होते. तेवढ्यात एका महिला हवालदाराने भिंतीतल्या कपाटाची मागची फळी ढकलून पाहिली. ती सरकली. आत जेमतेम दोन हात रुंद जागा होती आणि तिथे दोन मुली गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. एकीने हातात कंगवा इतका घट्ट धरला होता की बाहेर आल्यावरही तो तिने सोडला नाही. मी त्या फळीचे माप सांगू शकले, कारण ती माझ्या ओढणीपेक्षा थोडीच रुंद होती, हे मी तेव्हाच मनात धरले होते.

न्यायालयात बोलावणे दोन वर्षांनी आले. पहिल्या तीन तारखा पुढे गेल्या, रजा वाया गेल्या, त्याचा त्रास झाला हे खरे आहे. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी जिन्याला किती पायऱ्या होत्या, दिवा कोणत्या बाजूला होता, असे पुष्कळ प्रश्न विचारले. जे आठवत होते ते सांगितले, जे आठवत नव्हते ते आठवत नाही म्हणून सांगितले, आणि त्याने काही बिघडले नाही. फळीचे मात्र मी सांगितले. माझ्यासोबतचे दुसरे पंच फितूर झाले होते, त्यामुळे त्या जागेबद्दल बोलणारी पोलिसांखेरीज मी एकटीच होते.

---

घाटवाट:

कण्हेर यांनी मनाला इतके लावून घेऊ नये. लॉज बंद झाला, परिसर स्वच्छ झाला, हे काय कमी आहे? आमच्या सोसायटीने असेच एक मसाज सेंटर सह्यांची मोहीम काढून उठवले.

---

वकील_शिवाजीनगर:

घाटवाट, आपला हेतू चांगला आहे, परंतु लॉज बंद होणे आणि मुलगी सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुलूप लागले तेव्हा त्या मुलीला कोणीतरी दुसऱ्या शहरात नेले असण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि सह्यांच्या मोहिमेनंतर त्या मसाज सेंटरमधल्या बायका कुठे गेल्या याची चौकशी सोसायटीने केली होती का, हे आपणच आठवून पाहावे. माझ्या मते आपल्या समाजाची उदासीनता गप्प बसण्यापेक्षा या ‘आमच्या दारातून हलवा’ वृत्तीतच जास्त असते, कारण तिला आपण काही केल्याचे समाधानही मिळते.

आता कायद्याविषयी. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ च्या कलम १५ नुसार वॉरंटशिवाय झडती घेण्यापूर्वी दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना साक्षीला बोलवावे लागते आणि त्यांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. ती स्त्री त्याच वस्तीतली असण्याची अट कायद्याने मुद्दाम ठेवलेली नाही. पथकात किमान दोन महिला पोलीस असणेही बंधनकारक आहे, म्हणजे कण्हेर यांना एकटीने पुरुषांच्या घोळक्यात जावे लागले नसते. लेखी आदेश दिल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणे हा त्याच कलमानुसार गुन्हा ठरतो, पण जिन्यातल्या तोंडी विनंतीला ते लागू होत नाही, तेव्हा ती धास्ती नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडतीचे दृकश्राव्य चित्रण सक्तीचे केले आहे, त्यामुळे सदाफुली यांच्यासारखे सगळे स्मरणावर पेलण्याचा भार पूर्वीइतका राहिलेला नाही. धमकी आलीच, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा पातळीवर अर्ज करता येतो.

मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायद्याचे, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे, कलम १९ प्रत्येक नागरिकाला लागू होते: गुन्हा घडल्याचे माहीत असेल किंवा घडण्याची भीती वाटत असेल तर कळवलेच पाहिजे. सद्भावनेने दिलेली माहिती चुकीची निघाली तरी देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे. वयाची खात्री करणे आपले काम नाही. लहान मुलीची अशी वाहतूक करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली किमान दहा वर्षांची शिक्षा आहे आणि पीडितेची तथाकथित संमती तिथे विचारातच घेतली जात नाही.

आणि उशीर झालेला नाही. ती मुलगी कोणत्या तरी ठाण्याच्या हरवलेल्यांच्या नोंदीत असू शकते. आपल्याला आठवते ते सगळे, फ्रॉकच्या रंगांसह, लिहून काढा आणि पोलीस आयुक्तालयातल्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षात नेऊन द्या. औषध दुकानातल्या प्रसंगाची तारीख आठवली तर अवश्य लिहा, कारण दुकानातला कॅमेरा किंवा बिल यांवरून त्या माणसापर्यंत जाता येते.

---

ओटीवरून:

मी गेली अनेक वर्षे पुण्यातल्या वेश्यावस्तीत, बुधवार पेठेत, तिथल्या मुलांच्या अभ्यासवर्गाला जाते, म्हणून थोडी भर घालते.

छाप्यानंतरचा काळ कोणी पाहत नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत उच्च न्यायालयाच्या आदेशावरून छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली बाहेर काढल्या गेल्या. त्यांत नेपाळच्या मुलींची संख्या मोठी होती. पुढे त्यांना ठेवायचे कुठे, परत न्यायचे कोणी, याची कोणतीच तयारी नव्हती आणि त्या कित्येक महिने सुधारगृहांत अडकून पडल्या. मुलींना सोडवले जाते, पण त्यांना सोबत कोणाची नसते. वकिलांनी सांगितलेल्या अनैतिक व्यापार अधिनियमाच्याच कलम १७ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या मदतीसाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींच्या समितीची तरतूद आहे, त्यांत शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे. कण्हेर यांच्यासारख्या सव्वीस वर्षे मुलींशी बोललेल्या बाईंनी अशा यादीसाठी आपले नाव जरूर द्यावे.

दुसरे, सगळ्याच बायकांना एका मापाने मोजू नये. सज्ञान स्त्री स्वतःच्या निर्णयाने या व्यवसायात असेल तर तिला छाप्यात अटक करू नये, छळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि त्याआधी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना मुक्त केले होते. माझा अनुभव असा, की नवी अल्पवयीन मुलगी गल्लीत आली तर पहिली कुजबुज याच बायकांकडून कानावर येते. त्यांना हुसकावून लावले तर ते कानही जातात.

मुंबईत कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ या संस्थेने १९८८ मध्ये रात्रीचे पाळणाघर सुरू केले ते असल्याच साध्या निरीक्षणातून, की आई कामावर असते त्या वेळी मूल, विशेषतः मुलगी, सुरक्षित जागी असले पाहिजे. त्यासाठी रात्रीची माणसे लागतात, आणि ती मिळणे पंच मिळण्याइतकेच अवघड असते. लहान मुलीबद्दल शंका आली तर १०९८, ताबडतोब धोका दिसला तर ११२; हे दोन आकडे मी माझ्या वर्गातल्या मुलांकडून पाढ्यांसारखे पाठ करून घेते.

---

कण्हेर:

सर्वांचे मनापासून आभार. घाटवाट यांच्यावर मी रागावलेली नाही, कारण कुलूप पाहिल्यावर पहिल्या क्षणी मलाही सुटल्यासारखेच वाटले होते आणि त्याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

काल चार पाने लिहून मी कक्षात देऊन आले. औषधाची तारीख सापडली, कारण त्याच दिवशी मी यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि ते बिल डब्यात होते. तिथल्या महिला अधिकाऱ्यांनी ते बिल उलटसुलट करून पाहिले, झेरॉक्स काढून घेतली आणि मुलीच्या कपाळावर डाव्या बाजूला खूण होती का, असे विचारले. मला आठवले नाही. मी तिच्याकडे तेवढे नीट कधी पाहिलेच नव्हते.

महिला पंचांच्या यादीत नाव घालायला सांगितले तेव्हा त्यांनी माझा फोन नंबर लिहून घेतला आणि रात्री-अपरात्री बोलावले तर चालेल का, असे विचारले. यजमान शेजारीच बसले होते. ते म्हणाले, रात्रीची वेळ असेल तर मी गाडीने सोडेन.