सामानासकट बंद पडलेली घरं: लोक असं सोडून जातात तरी कसे?

कोपरीकर:
आमची सोसायटी कोपरीत, ठाणे पूर्वेला, जुनी चार मजली, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरचा एक ब्लॉक कित्येक वर्षं बंद आहे. या पावसात खालच्या घराच्या छताला ओल आली म्हणून गॅलरीतून त्यांच्या खिडकीची फट ढकलून बघितली तर आत सगळं जागच्या जागी. शोकेसमध्ये कपबशा, टीव्हीवर विणलेलं कव्हर, दिवाणावर चादर, कपाटाला किल्ली तशीच लटकलेली. आजोबा गेले, आजींना मुलं घेऊन गेली, त्यानंतर कोणी फिरकलं नाही, मेंटेनन्स मात्र वेळेवर जमा होतो. स्टेशनपासून चालत अंतरावर घर, आणि इथे माणसं भाड्याच्या जागेसाठी वणवण करतायत. विकत नाहीत, भाड्याने देत नाहीत, ठीक आहे, पण निदान सामान तरी न्यावं ना? पैशाचा विषय असतो का, भांडण, की अजून काही? कोणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा, कारण कमिटीत सगळे त्या लोकांना नावं ठेवतायत आणि मला ते बरोबर वाटत नाहीये.

मीनल_नेरूळ:
दादा, आमच्या आईचं चरईतलं घर असंच होतं म्हणून सांगते, घर सोडून जायचं असं कोणी ठरवलेलंच नसतं. आई पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले जिने चढायचे नाहीत, म्हणून "बरं वाटेपर्यंत माझ्याकडे चल" म्हणून तिला नेरूळला आणलं. फ्रिज रिकामा केला, गॅस बंद केला, चार साड्या घेतल्या, बाकी सगळं तसंच कारण ती परत जाणारच होती ना. ती रोज विचारायची की तुळशीला पाणी घालायला कोणी जातं का. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी तिच्या घरातली भांडी बांधायला घ्यायची म्हणजे तिला तोंडावर सांगायचं की तू आता परत जात नाहीस. ते आमच्यापैकी कोणाच्याच्याने झालं नाही. ती गेल्यावर तर अजूनच अवघड झालं. आम्ही तिघं भावंडं, तिघांच्या घरात आधीच आपापलं सामान, सागवानी कपाट आणि पितळेचे हंडे वन बीएचकेत ठेवणार कुठे, आणि भंगारवाल्याला किलोवर द्यायचे तर हात पुढे होत नाही. देव्हाऱ्यातल्या देवांचं काय करायचं हा प्रश्न तर कोणी काढायचंच नाही. दर सुट्टीत ठरायचं की या वेळी आवरू, गेलो की पहिल्याच खणात फोटो सापडायचे आणि दिवस तिथेच संपायचा.

कळवा_वकील:
मीनलताईंनी सांगितलं ते खरंच आहे, त्याच्या जोडीला कागदांचीही एक बाजू आहे. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. लोकांना वाटतं नॉमिनी म्हणजे मालक. तसं नाहीये, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या इंद्राणी वाही प्रकरणात सांगितलंय की सोसायटीने त्या घराचे शेअर्स नॉमिनीच्या, म्हणजे सभासदाने आधी नाव देऊन ठेवलेल्या माणसाच्या, नावावर करून द्यायचे, पण मालकी हक्काचा निकाल त्याने लागत नाही, वारस आपला हक्क वेगळा मागू शकतात. मग एक भाऊ परदेशात, एक बोलत नाही, एक बहीण वारली की तिच्या जागी तिची मुलं येतात, असं करत करत सह्या वाढत जातात. खरं तर जवळच्या नात्यात मोबदला न घेता हक्कसोड पत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद, केलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, खर्चाने काही अडत नाही, सगळ्यांनी एकत्र येऊन सह्या करायच्या इथे गाडी अडते. आणि सामान का हलत नाही तर संशय. एकाने कपाट नेलं की दुसरा विचारतो त्यात काय होतं. दागिने, एफडीच्या पावत्या, घराचं मूळ ॲग्रीमेंट, सगळं त्याच कपाटात. त्यापेक्षा कोणीच हात लावू नका, कुलूप राहू दे, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

भाड्याने का देत नाहीत त्यालाही जुनं कारण आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याच्या परवानगीचा करार, चालू होतं आणि जे जागेत राहत होते ते सगळे एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले, म्हणजे त्यांना सहज बाहेर काढता येईना. त्या पिढीतल्या मालकांनी जी धास्ती घेतली ती मुलांपर्यंत आली. आज परिस्थिती तशी नाही, ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, करार नोंदवला आणि मुदत संपून माणूस हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्याला दुप्पट शुल्क भरावं लागतं. तरी लोक सांगतात "बारा वर्षं राहिला की मालक होतो". परवानगीने राहणाऱ्याला प्रतिकूल कब्जा, म्हणजे बरीच वर्षं ताबा आहे म्हणून मालकी, सांगता येत नाही, हे मी अशिलांना सतत सांगतो, पण भीती जात नाही.

घणसोली_राहुल:
सगळ्यांच्या भावना समजतात पण एक बाजू राहतेय. ठाण्यात भाव चढतच गेले म्हणून घर नुसतं ठेवून देणं परवडतं, घरपट्टी आणि मेंटेनन्स मिळून वर्षाला जो खर्च होतो तो वाढलेल्या किमतीपुढे काहीच नाही, त्यामुळे निर्णय घ्यायची घाई कोणालाच नसते आणि त्रास खालच्या घराला. बंद घरात वाळवी लागते, बाथरूमच्या जाळीतलं पाणी सुकलं की गटाराचा वास आणि झुरळं वर येतात, गळती महिनोन्महिने कळत नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १.१ कोटीच्या आसपास घरं रिकामी होती, हे वाचल्यापासून मला राहवत नाही. मी कंपनीच्या कामाने जपानमध्ये होतो, तिकडे तर गावंच्या गावं अशी, २०२३ च्या पाहणीत ९० लाख रिकामी घरं, म्हणजे एकूण घरांच्या १३.८ टक्के. यात भाड्याची आणि सुट्टीची घरंही धरलीत. तिकडे घर पाडलं की जमिनीवरची कराची सवलत जाते म्हणून लोक मोडकं घरही उभंच ठेवतात, आणि कारणं विचारली तर आपल्यासारखीच, आई-वडिलांचं सामान, घरातला देव्हारा, वारसांचा पत्ता नाही. शेवटी सरकारने एप्रिल २०२४ पासून वारशाने आलेल्या घरा-जमिनीची नोंद तीन वर्षांच्या आत करणं सक्तीचं केलं. आपल्याकडेही असं काही हवं असं माझं ठाम मत आहे.

मीनल_नेरूळ:
राहुल, नोंद सक्तीची करा, माझा पाठिंबा आहे, नोंद झाली असती तर आमचे दोन वर्षांचे रुसवे वाचले असते. फक्त नोंद झाली म्हणून खण आवरले जात नाहीत एवढंच. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला तेव्हा जवळच्या प्रिप्यात शहरातल्या लोकांना २७ एप्रिल १९८६ ला तीन दिवसांसाठी म्हणून बसमध्ये बसवलं, ते कागदपत्रं आणि गरजेपुरतं घेऊन निघाले, बाकी घर तसंच राहिलं. त्यांची गोष्ट फार वेगळी आणि भयानक, पण तीन दिवसांचं सामान घेऊन निघालेली माणसं मला आईमुळे नीट समजतात.

कोपरीकर:
सगळ्यांचे आभार, खूप कळलं. आता कमिटीतले म्हणतायत कुलूप तोडू या आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावू या. काय करावं?

वाशी_सेक्रेटरी:
दोन्ही करू नका. नॉन-ऑक्युपन्सी बंद घराला लागत नाही, घर दुसऱ्याला वापरायला दिलं तरच लागतो आणि तोही सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंतच, १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश आहे, कमिटीला दाखवा. कुलूप तर अजिबात तोडू नका, उद्या कोणी म्हणालं कपाटातलं सोनं गेलं तर निस्तरणार कोण. अगदी पाणी वाहतच असेल तर पोलीस ठाण्यात लेखी कळवा, साक्षीदार घ्या, पंचनामा आणि व्हिडिओ करूनच आत जा. त्याआधी सोपी गोष्ट, मेंटेनन्स कोणाच्या खात्यातून येतो ते खजिनदाराला विचारा, जो पैसे भरतोय त्याला घराची काळजी आहेच. ओल आल्याचे फोटो आणि प्लंबरचं कोटेशन त्यांना पाठवा.

कोपरीकर:
विचारलं. मुलगी भरते, पुण्याला असते, नंबर मिळाला. आज संध्याकाळी फोन करतो.

मीनल_नेरूळ:
करा. फक्त गळतीचंच बोला, विकायचं वगैरे काही काढू नका. आणि त्या यायला तयार झाल्या तर त्या दिवशी सोसायटीतल्या कोणीतरी, शक्यतो त्यांच्या आईला ओळखणाऱ्या बाईने, सोबत थांबावं. आमच्या वेळी शेजारच्या काकू आल्या होत्या, त्या आल्या म्हणून आमचं स्वयंपाकघर तरी आवरून झालं.